क्रिस्टलोग्राफी करणारा रसायनशास्त्राचा प्राध्यापक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, त्यांचे पालक, शेजारच्या विभागातले सहकारी, कधीकधी निवड समितीवरची मंडळी, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची मलाही अजून पुरती सापडलेली नाहीत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

तुम्ही दिवसभर करता तरी काय?

रेणूतले अणू कुठे बसलेत ते शोधतो. पदार्थाचा चांगला स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरणांचा झोत सोडायचा. स्फटिकात रेणू रांगेत, थरावर थर असे मांडलेले असतात. त्यामुळे विखुरलेले किरण ठरावीक दिशांनाच जोरात बाहेर पडतात आणि डिटेक्टरवर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागांवरून युनिट सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीची मापं कळतात. ठिपका किती ठळक आहे त्यावरून चौकटीत कोणता अणू कुठे आहे हे काढायचं.

माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून हा प्रयोग १९१२ साली पहिल्यांदा झाला तो मोरचुदाच्या स्फटिकावर. वर्षभरात ब्रॅग पितापुत्रांनी त्याच मार्गाने मीठ आणि हिरा यांची रचना उलगडली. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं तेव्हा मुलगा लॉरेन्स २५ वर्षांचा होता.

यात एक मेख आहे. ठिपक्याची तीव्रता मोजता येते, पण त्या लहरीची कला, म्हणजे फेज, मोजताना हरवते. तीव्रतांमधल्याच संबंधांवरून फेज काढण्याची गणिती रीत हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी दिली, त्यासाठी त्यांना १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज विद्यार्थी एक बटण दाबतो आणि काही सेकंदांत रेणू पडद्यावर येतो, त्या बटणामागे हे सगळं आहे.

हे झालं तंत्र. रेणू दिसला, मग पुढे काय, हा प्रश्न ज्याला पडतो तो प्राध्यापक होतो. ज्याला पडत नाही तो उत्तम ऑपरेटर होतो, आणि त्यातही कमीपणा काही नाही.

हा विषय रसायनशास्त्रात येतो की भौतिकशास्त्रात?

यंत्र भौतिकशास्त्राचं, हिशेब गणिताचा, स्फटिक रसायनशास्त्राचा. ज्याच्या हातात स्फटिक त्याचं चालतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी विषय रसायनशास्त्र विभागात येऊन बसला. कुंपणं मात्र कच्ची आहेत. व्यंकी रामकृष्णन यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातली. त्यानंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी होऊन बसले आणि रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेसाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं ते रसायनशास्त्राचं.

गणित कच्चं आहे. जमेल का?

जमेल. समीकरणं सोडवण्यापेक्षा सममिती डोळ्यांसमोर आणता येणं जास्त कामाचं. स्फटिकातली मांडणी सममितीच्या २३० प्रकारांपैकी, म्हणजे स्पेस ग्रुपांपैकी, एकात बसते. ते पाठ कुणी करत नाही, पण स्क्रू ॲक्सिस म्हणजे काय हे कळायला हवं. मी वर्गात गोल जिन्याचं उदाहरण देतो: फिरायचंही आणि चढायचंही. ग्लाइड प्लेनसाठी ओल्या वाळूवरचे पावलांचे ठसे: डावं, उजवं, डावं, उजवं, प्रत्येक ठसा आधीच्याचं आरशातलं रूप आणि थोडा पुढे सरकलेला. ज्याला हे दोन पटले त्याला बाकीचे महिनाभरात पटतात.

फूरिए ट्रान्सफॉर्मची, म्हणजे ठिपक्यांवरून अणूंचं चित्र काढणाऱ्या गणिताची, मात्र भीती घालवावीच लागते. ती न घालवता वर्षानुवर्षं काढणारे लोक मी पाहिलेत. सगळं सुरळीत असतं तेव्हा त्यांचं काही अडत नाही. स्ट्रक्चर सुटेनासं झालं की मात्र कुठे हात घालायचा हे त्यांना कळत नाही.

पदवीच्या काळात कोणते विषय घ्यावेत?

अकार्बनी आणि भौतिक रसायन पक्कं करावं, सेंद्रिय सोडू नये. थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं. उन्हाळ्याची किंवा हिवाळ्याची सुट्टी एखाद्या प्रयोगशाळेत काढता आली तर तिथे स्फटिक वाढवायचं काम मागून घ्यावं, कुणी देत नसलं तरी. हात तयार व्हायला वेळ लागतो आणि तो लवकर सुरू झालेला बरा.

पीएच.डी.त नेमकं काय चालतं? स्फटिकच आले नाहीत तर?

पहिल्या दोन वर्षांत बहुतेकांचे येत नाहीत. विद्यार्थी पदार्थ बनवतो, शुद्ध करतो, एका द्रावकात विरघळवतो, छोट्या कुपीत भरतो, तोंडाला पॅराफिल्म, म्हणजे मेणासारखा ताणता येणारा पापुद्रा, लावून सुईने दोनचार भोकं पाडतो आणि थांबतो. द्रावक हळूहळू उडतं. आठवड्याने बघावं तर तळाशी पांढरी भुकटी, नाहीतर डिंकासारखा चिकट थर. मग द्रावक बदलायचं, दोन द्रावकं एकमेकांवर न मिसळता थर करून ठेवायची, फ्रीजमध्ये ठेवायचं, किंवा एका कुपीत दुसरी ठेवून वाफेने काम करायचं. भोकं किती पाडावीत यावर दोन वरिष्ठ विद्यार्थ्यांचं कडाक्याचं भांडण मी सोडवलेलं आहे.

घाई हा मुख्य शत्रू. द्रावण जितकं झपाट्याने संपृक्त होतं तितकी केंद्रकं, म्हणजे स्फटिक जिथून वाढतो ती बीजं, जास्त तयार होतात, आणि एका चांगल्या स्फटिकाऐवजी हजारो फालतू मिळतात. म्हणून रोज कुपी उचलून, हलवून, उजेडात धरून बघणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा सुट्टीवर जाताना ती कपाटात विसरून गेलेल्या विद्यार्थ्याला स्फटिक मिळतात. याला योगायोग म्हणण्याचं धाडस मी आता करत नाही.

तरीही नाहीच आले, तर? इथे गाइडची परीक्षा असते. थीसिसचा सगळा भार एकाच पदार्थाच्या स्फटिकावर टाकू नये. ज्याचे स्फटिक हमखास येतात अशा कुटुंबातले चारपाच पदार्थ पहिल्याच वर्षी बाजूला ठेवावेत, म्हणजे विद्यार्थ्याला काम शिकता येतं आणि पोटात गोळा येत नाही. अवघड पदार्थ त्याच्या जोडीने चालू द्यावा. आता एक मायक्रॉनहूनही लहान कणांवर इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून हाच प्रयोग, करता येतं. २०१८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी साध्या सेंद्रिय रेणूंवर ते दाखवून दिलं, तेव्हापासून 'भुकटीच आली' हे रडगाणं थोडं कमी झालंय. पण ते यंत्र सगळ्यांकडे नाही, आणि झोत सहन न होणारे पदार्थ तिथेही दगा देतात.

स्फटिक मिळाल्यावर तो यंत्रावर कसा चढवतात?

नव्या विद्यार्थ्याला मी हे शेजारी बसवून दाखवतो, कारण लिहिलेलं वाचून ते येत नाही. तरी सांगतो.

कुपीतून थोडं द्रावण स्फटिकांसकट काचपट्टीवर जाडसर तेलाच्या थेंबात घ्यायचं. तेल अशासाठी, की स्फटिकात अडकलेलं द्रावक उडालं तर मिनिटभरात त्याला तडे जातात आणि तो दुधी होतो. मायक्रोस्कोपचे दोन पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा सोडणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात ठेवून पट्टी फिरवायची. चांगला एकसंध स्फटिक दर ९० अंशांनी सगळाच्या सगळा एकदम काळा पडतो. अर्धा काळा आणि अर्धा उजळ राहिला तर ते दोन चिकटलेत, सोडून द्यायचा. मग सुईच्या टोकाने ०.२ मिलिमीटरचा एक तुकडा थेंबाच्या कडेला ढकलत आणायचा, नायलॉनच्या बारीक लूपने तेलासकट उचलायचा आणि डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर, नायट्रोजनच्या थंड झोतात बसवायचा. झोत १०० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअस. तेल गोठून काचेसारखं घट्ट होतं आणि स्फटिक जागचा हलत नाही.

पहिल्या दोनचार चित्रांतच नशीब कळतं. गोल, सुटे, टोकदार ठिपके आले तर खुर्ची मागे ढकलून चहा प्यायला जावं. ठिपके शेपटीसारखे लांबट आले तर स्फटिक वाकडा. ठिपक्यांऐवजी वर्तुळं आली तर बर्फ जमलंय. हात कापत असतील तर मनगट टेबलावर टेकवावं आणि श्वास सोडताना लूप उचलावा.

सगळं यंत्रच करतं तर माणूस कशाला?

१९८० च्या दशकात एका स्ट्रक्चरचा डेटा गोळा करायला कित्येक दिवस लागत, कारण डिटेक्टर एका वेळी एकच ठिपका मोजायचा. आज सोप्या स्फटिकाचं काम तासाभरात होतं आणि सॉफ्टवेअर स्वतःच उत्तर काढून देतं. दहापैकी आठ वेळा ते बरोबर असतं. उरलेल्या दोन वेळा रेणूचा एखादा गट दोन जागांवर विभागलेला असतो (याला डिसऑर्डर म्हणतात), स्फटिक ट्विन, म्हणजे दोन स्फटिक जोडून वाढलेला, असतो, किंवा सममिती चुकीची निवडली गेलेली असते. पगार मिळतो तो त्या दोन वेळांसाठी.

गाइड कसा निवडावा?

त्याच्या मागच्या पाच विद्यार्थ्यांना फोन करा. शोधनिबंध मोजू नका. 'सर रॉ डेटा स्वतः उघडून बघतात का?' एवढंच विचारा.

पोस्टडॉक करावाच लागतो का?

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. संशोधन विद्यापीठात जागा हवी असेल तर बहुतेक ठिकाणी हो, एक किंवा दोन. माझा सल्ला: पीएच.डी.त जे केलं तेच दुसऱ्या गावी करू नका. छोट्या रेणूंवर काम केलं असेल तर पावडर डिफ्रॅक्शन, म्हणजे एका स्फटिकाऐवजी भुकटीवरचं काम, शिका, उच्च दाबाखालचे प्रयोग शिका, न्यूट्रॉन शिका. हायड्रोजनची जागा क्ष-किरणांना नीट दिसत नाही, कारण त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन बंधाकडे ओढलेला असतो. त्यामुळे कार्बन-हायड्रोजन अंतर खऱ्यापेक्षा सुमारे ०.१ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी भरतं. न्यूट्रॉन थेट केंद्रकावर आपटतो, त्याला फसवता येत नाही. दोन्ही हातांनी काम केलेला उमेदवार मुलाखतीत ओळखू येतो.

मुलाखतीत काय विचारतात?

वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न: तुमचा प्रश्न काय? उमेदवार तंत्र सांगत सुटतो. समिती थांबवते आणि पुन्हा विचारते, तंत्र कळलं, प्रश्न काय? मी समितीत बसलोय आणि समोरच्या खुर्चीतही बसलोय. समोरच्या खुर्चीत मी चाळीस मिनिटं तंत्रच सांगितलं होतं. ती नोकरी मिळाली नाही आणि मिळायलाही नको होती.

'सर्व्हिस क्रिस्टलोग्राफर' म्हणजे काय? त्यात अडकायला होतं का?

होतं, आणि या पेशातला सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तुम्ही नवे रुजू झालात. संश्लेषण करणारे सहकारी कुपी घेऊन दारात येतात. 'फक्त जरा एक्स-रे काढून दे, कम्पाउंड तेच आहे ना एवढंच बघायचंय.' तुम्ही काढून देता. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मजाही येते: रोज नवा रेणू, रोज नवं कोडं. निबंधात लेखकांच्या यादीत पाचवं नाव लागतं. दुसरी कुपी येते. दहा वर्षांत शंभरभर निबंध होतात आणि बढतीच्या वेळी कुणीतरी शांतपणे विचारतं, 'यातलं तुमचं काय?' उत्तर देताना घसा कोरडा पडतो. तुमच्याकडे शंभर उत्तरं असतात आणि त्यातला एकही प्रश्न तुमचा नसतो.

यातून बाहेर पडायचे रस्ते आहेत. मला सापडलेला रस्ता फुकटात कुपीबरोबरच आला होता. इतरांची स्ट्रक्चरं रिफाइन करताना, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून घेताना, सारखं लक्षात यायचं, की तोच रेणू एका द्रावकातून एका तऱ्हेने रचला जातो आणि दुसऱ्यातून दुसऱ्याच. सहकाऱ्याला त्यात काडीचा रस नव्हता, त्याला रेणू तोच आहे एवढं कळलं की पुरे. मला मात्र झोप लागेना. एकाच रेणूची ही वेगवेगळी रूपं, म्हणजे पॉलीमॉर्फ, का येतात आणि कधी येतात, हा माझा प्रश्न झाला. पुढची सगळी वर्षं त्यावर गेली.

दुसरा रस्ता डेटाबेसचा. केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेस, म्हणजे छोट्या रेणूंच्या स्ट्रक्चरांचा साठा, १९६५ पासून ऑल्गा केनार्ड यांनी उभा केला आणि २०१९ मध्ये त्यात दहा लाखांवं स्ट्रक्चर गेलं. त्यातलं बहुतेक प्रत्येक स्ट्रक्चर कुणीतरी एका रेणूपुरतं बघून सोडून दिलेलं आहे. दहा लाख रेणू एकत्र बघून त्यांच्या सवयी शोधणारा माणूस कुणाचा सेवक राहत नाही. हायड्रोजन बंधांच्या सवयी अशाच कळल्या आणि त्यांच्या जोरावर स्फटिक ठरवून बांधण्याचं शास्त्र, क्रिस्टल इंजिनिअरिंग, उभं राहिलं. गौतम देसिराजू यांचं नाव त्या विषयाशी जोडलं गेलंय ते यामुळेच. ते पुढे क्रिस्टलोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

सहकाऱ्यांना मदत करणं सोडा असं मी म्हणत नाही. आठवड्यातला एक दिवस कुप्यांचा ठरवा, दारावर कागद चिकटवा आणि इतर दिवशी कुपी घेऊन आलेल्याला तो कागद दाखवा. पहिल्या महिन्यात लोक रागावतात.

लेखक म्हणून नाव कधी मागावं, आभारांत कधी समाधान मानावं?

स्फटिक निवडला, डेटा घेतला आणि सॉफ्टवेअरने पहिल्याच फटक्यात उत्तर दिलं: आभार चालतील. ट्विनिंग सोडवलं, डिसऑर्डरचं मॉडेल बांधलं, निष्कर्षाच्या बरोबरपणाची हमी तुमच्यावर आली: नाव हवंच. हे कुपी हातात घेताना बोलावं. निबंध लिहून झाल्यावर बोललं की मैत्री जाते.

स्वतःचं डिफ्रॅक्टोमीटर असावं का?

विभागाचं असावं, किल्ली आपल्याकडे असावी. यंत्र घेणं सोपं असतं, एकदा ग्रँट मिळाली की झालं. पुढची पंधरा वर्षं ट्यूब बदलणं, चिलर गळणं, देखभालीचा करार संपणं, हे मात्र कुठल्याच प्रस्तावात नीट मांडलेलं नसतं. आमचा डिटेक्टर एकदा ऐन थीसिसच्या मोसमात बंद पडला आणि सुटा भाग येईपर्यंत अख्खं सत्र गेलं. तेव्हापासून देखभालीची तरतूद नसलेल्या प्रस्तावावर मी सही करत नाही.

सिंक्रोट्रॉनवर जावं लागतं का?

सिंक्रोट्रॉन म्हणजे फार तीव्र क्ष-किरण देणारं प्रचंड यंत्र. स्फटिक फारच लहान किंवा फारच अशक्त असेल तर जावं लागतं. प्रस्ताव लिहायचा, तो मंजूर झाला तर दोनतीन दिवसांचा बीमटाइम, म्हणजे झोत वापरायची वेळ, मिळतो, आणि त्यात रात्र आणि दिवस सारखेच. ग्रेनोबल, हॅम्बर्ग, इंदूर, जपानातलं स्प्रिंग-एट, सगळीकडची तऱ्हा तीच: पहाटे तीनला रोबोने नमुना खाली पाडला की तुम्ही आणि तुमचा विद्यार्थी एकमेकांकडे बघता. विद्यार्थ्याशी खरी ओळख तिथेच होते. प्रयोगशाळेत जो गप्प असतो तो पहाटे तीनला फार बोलतो.

शिकवण्यात वेळ वाया जातो का?

नाही, आणि याला चांगला पुरावा आहे. १९७४ साली मेलबर्नमध्ये रिचर्ड रॉब्सन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे आणि दांड्यांची मॉडेलं करवून घेत होते. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची हे सुताराला नेमकं सांगावं लागलं. त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं, की भोकांच्या जागांतच सगळी रचना आधीपासून लिहिलेली आहे, मग अणूंऐवजी रेणूच असे जोडले तर? हे करून बघायला त्यांना दहाहून जास्त वर्षं लागली. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कसाठी, २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रॉब्सन आणि ओमर यागी यांना मिळालं. रॉब्सन यांची सुरुवात वर्गात न्यायच्या मॉडेलपासून झालेली होती.

आपलं स्ट्रक्चर चुकलं असं नंतर कळलं तर?

माझं चुकलंय, तेव्हा अनुभवाने सांगतो. एका अमाइडमध्ये मी ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांची अदलाबदल केली होती. क्ष-किरणांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, एका इलेक्ट्रॉनचा फरक. आर-फॅक्टर, म्हणजे मॉडेल आणि डेटा यांच्यातल्या तफावतीचं माप, ०.०४ होता, म्हणजे कागदोपत्री सुंदर. स्ट्रक्चर तपासणाऱ्या प्रोग्रॅमने बी दर्जाचा, म्हणजे गंभीर, ॲलर्ट दिला होता आणि मी 'किरकोळ' म्हणून त्यावर एक ओळीचं स्पष्टीकरण खरडून पुढे गेलो. तीन वर्षांनी एका परक्या विद्यार्थ्याची ईमेल आली, फार अदबीने लिहिलेली: तुमच्या स्ट्रक्चरमध्ये नायट्रोजनवरचे दोन्ही हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या हायड्रोजनांना टोचतायत, असं कसं? फाइल उघडली. पाच मिनिटांत दिसलं.

दुरुस्ती छापली. छापून येईपर्यंत लाज वाटत होती, नंतर कुणी विषयही काढला नाही. तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगतो, की ए, बी, सी, जी अशा सगळ्या ॲलर्टांची यादी समोर ठेवूनच माझ्याकडे यायचं, आणि हायड्रोजन बंध कागदावर हाताने काढून आणायचे. कमी आर-फॅक्टर म्हणजे मॉडेल डेटाशी जुळतं, एवढंच. ते रसायनशास्त्राशी जुळतं का हे तुम्हालाच बघावं लागतं.

कुणी मुद्दाम खोटी स्ट्रक्चरं छापली आहेत का?

हो. २०१० साली एका नियतकालिकाने किमान सत्तर स्ट्रक्चरं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. खऱ्या स्फटिकाचा डेटा घेऊन त्यातला एखादा अणू बदलायचा, धातू बदलायचा, आणि नवीन संयुग म्हणून छापायचं, अशी ती रीत होती. पकडले गेले कारण डेटा जाहीर होता. १९९१ पासून स्ट्रक्चर एका ठरावीक साच्याच्या फाइलमध्ये, सीआयएफमध्ये, द्यायची पद्धत आली, त्यामुळे कुणीही बसून दोन फाइली शेजारी ठेवू शकतो. इतक्या उघड्यावर काम करणारे विषय विज्ञानात कमीच आहेत.

सगळे शहाणे एका बाजूला आणि माझा डेटा दुसऱ्या बाजूला, असं झालं तर?

आधी स्वतःची चूक शोधा, ती बहुधा सापडतेच. नाहीच सापडली तर डॅन शेख्टमन आठवा. ८ एप्रिल १९८२ रोजी ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूच्या चित्रात त्यांना दहा घडींची सममिती दिसली, म्हणजे चित्र ३६ अंशांनी फिरवलं तरी तसंच दिसत होतं. स्फटिकात असं होऊच शकत नाही, असं तेव्हाचं प्रत्येक पुस्तक सांगत होतं. त्यांना संशोधन गटातून बाहेर पडायला सांगितलं गेलं, लायनस पॉलिंग यांच्यासारखा नोबेल मिळालेला रसायनशास्त्रज्ञ शेवटपर्यंत विरोधात राहिला. १९९२ साली स्फटिकाची व्याख्याच बदलावी लागली आणि २०११ चं नोबेल शेख्टमन यांना एकट्याला मिळालं. पण हे उदाहरण जपून वापरा. माझ्याकडे 'सर, शेख्टमनसारखं वाटतंय' म्हणत आलेला प्रत्येक डेटा आतापर्यंत ट्विन निघालाय.

या क्षेत्रात स्त्रियांना कितपत वाव आहे?

क्रिस्टलोग्राफीचा इतिहास स्त्रियांना वगळून लिहिताच येत नाही. डोरोथी हॉजकिन यांना संधिवात विशीतच जडला. त्या बोटांनी त्यांनी स्फटिक हाताळले, १९४५ पर्यंत पेनिसिलिनची रचना काढली, पुढे बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि १९६४ चं नोबेल घेतलं. इन्सुलिनवर त्यांनी १९३० च्या दशकात काम सुरू केलं आणि ते संपलं १९६९ मध्ये. (पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. राजकारणात दोघींचं पटण्यासारखं नव्हतं.) कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ साली हेक्सामिथिलबेंझीनच्या स्फटिकावरून बेंझीनचं कडं सपाट असतं हे दाखवलं. मुलं लहान असताना त्या घरी बसून हिशेब करत. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीवर निवडून आलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक.

तरी हे सांगून टाळ्या घ्यायचा मला संकोच वाटतो. हाउप्टमन आणि कार्ल यांची रीत प्रत्यक्ष स्फटिकांवर चालते हे पटवून देण्यात इझाबेला कार्ल यांचा वाटा मोठा होता. त्या जेरोम यांच्या पत्नी. नोबेलच्या यादीत त्या नव्हत्या.

क्ष-किरणांचा धोका नाही का?

आजचं यंत्र बंद कपाटात असतं, दार उघडलं की झोत आपोआप अडतो. अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला लावावा, दाराच्या सेफ्टी स्विचशी कुणालाही खेळू देऊ नये. आमच्या खोलीत खरे अपघात होतात ते द्रव नायट्रोजनने आणि रात्री अकराला झोपेत उचललेल्या सुईने.

आता एआय रचना सांगतंय. हे करिअर बुडणार का?

प्रथिनांच्या बाबतीत अल्फाफोल्डने, म्हणजे प्रथिनाची रचना भाकीत करणाऱ्या एआय प्रोग्रॅमने, मोठी मजल मारली हे खरंच. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्याच क्षेत्रासाठी मिळालं. पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, जी १९७१ साली सात स्ट्रक्चरांनिशी सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या क्रिस्टलोग्राफरांनी भरली.

छोट्या रेणूंचं दुखणं निराळं आहे. स्फटिकात रेणू कसे रचले जातील याचे संगणक बरेच पर्याय देतो, सगळे ऊर्जेने एकमेकांच्या अगदी जवळचे. त्यातला कोणता कुपीत उतरेल हे द्रावक, तापमान, धूळ आणि वेळ मिळून ठरवतात. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्याचं एकच रूप माहीत होतं. १९९८ मध्ये दुसरं, कमी विरघळणारं रूप अचानक उगवलं आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. आज औषध कंपन्या पॉलीमॉर्फ शोधणाऱ्यांना नोकऱ्या देतात त्यामागे ही आठवण आहे. प्राध्यापकी नकोशी झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी बरेचसे तिकडेच गेले आणि सुखात आहेत.

निवृत्त होताना न छापलेल्या स्ट्रक्चरांचं काय करावं?

प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर ती असतात: थीसिसमध्ये गेली पण निबंध झाला नाही, किंवा विद्यार्थी मधेच सोडून गेला, किंवा अपेक्षित रेणूऐवजी सुरुवातीचाच पदार्थ स्फटिक होऊन बसला. निबंधाशिवायही ती केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये जमा करता येतात. वर्षाला एक आठवडा यासाठी राखून ठेवा. मी उशिरा सुरुवात केली, आता रोज दोन करतो. डेटा सापडतो, सीआयएफ सापडते. अडतं ते कुपीवरच्या चिठ्ठीपाशी, कारण तिच्यावर विद्यार्थ्याने नुसतं 'नवीन ३, चांगला' एवढंच लिहून ठेवलेलं असतं.